खेड कुठलं ते तुम्ही ठरवू नका: जुन्या लष्करी नोंदींचं इंडेक्सिंग कोणत्या क्रमानं करावं

स्वयंसेवकांनी भरलेले तक्ते तपासणं हे माझं काम. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी फौजेच्या याद्या, त्यातही मराठा पलटणींच्या जास्त. स्कॅन केलेलं पान समोर ठेवायचं, त्यातलं नाव, हुद्दा, नंबर, पलटण, तारीख, गाव वेगवेगळ्या रकान्यांत उतरवायचं, म्हणजे उद्या एखाद्या घरातल्या कुणाला आपला पणजोबा शोधता येईल. काम सोपं वाटतं. पण माझ्याकडे येणाऱ्या तक्त्यांत त्याच त्या चुका पुन्हापुन्हा सापडतात, आणि गंमत अशी, की इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या तक्त्यात त्या कमी असतात. ज्याला काही माहीत नाही तो दिसतं ते उतरवतो. ज्याला बरंच माहीत आहे तो सुधारत जातो, आणि सुधारलेली नोंद मुळाशी पुन्हा कधीच जुळत नाही.

म्हणून पुढे टप्पे दिले आहेत ते क्रमानं घ्या. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्या पानावर यावं लागतं.

टप्पा १: हातात कोणता कागद आहे ते आधी ओळखा

"सैनिकांची यादी" असं म्हणून चालत नाही. प्रत्येक कागद काही सांगतो आणि काही सांगूच शकत नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची छापील रजिस्टरं ही मृतांची नोंद आहे. जिवंत परतलेला माणूस त्यात नसणारच. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांसाठी बसरा स्मारकाचं रजिस्टर, फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीसाठी प्रामुख्यानं नव शापेलच्या स्मारकाचं. बसऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: मूळ स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती, पण साध्या शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणवार फक्त आकडे होते. शिपायांची नावं रजिस्टरात. म्हणजे रजिस्टरातलं नाव चुकीचं उतरवलंत तर ते दगडावर ताडून पाहायची सोयच नाही.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ ९५ मालिकेत पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत. त्यांत गोरे अधिकारी नावानिशी येतात, सुभेदार-जमादार बऱ्याचदा नावानिशी, आणि शिपाई बहुतेक वेळा नुसत्या संख्येनं: "आय.ओ.आर. ४ ठार, ११ जखमी". आय.ओ.आर. म्हणजे इंडियन अदर रँक्स. (हीच तीन अक्षरं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्ससाठीही वापरतात. संदर्भ क्रमांकाच्या सुरुवातीला दिसली तर अर्थ हा दुसरा.) एका स्वयंसेवकानं "४ ठार" पाहून चार रिकाम्या ओळी तयार केल्या होत्या आणि नावाच्या जागी "अज्ञात" लिहिलं होतं. असं करू नका. संख्या ही संख्येच्या रकान्यात जाते. न दिलेल्या माणसाची ओळ आपण बनवायची नसते.

गावातली संगमरवरी पाटी हा तिसरा प्रकार. या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत, देवळाजवळ दिसतात. नावं नसली तरी पाटीवरचा आकडा तपासणीला फार उपयोगी पडतो. त्याबद्दल शेवटी.

*तपासणी:* टाइप करायला बसण्याआधी हे काम कुणी आधीच केलं आहे का ते पाहा. कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध घेता येतो आणि निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतात. ते सगळं हातानं पुन्हा टाइप करत बसलेले दोन गट मला माहीत आहेत. तिथे शोधताना आडनावावर विसंबू नका, कारण बऱ्याच हिंदी शिपायांचं पूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात घातलेलं आहे. पलटण आणि साल टाकून यादी काढा आणि मग डोळ्यांनी वाचा.

टप्पा २: तक्ता आधी, टाइपिंग नंतर

एखाद्या मोठ्या प्रकल्पात काम करत असाल, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळासारख्या, तर रकाने तिथे ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकल्पाच्या सूचना वेगळ्या असतात. मागच्या प्रकल्पात चाललं ते या प्रकल्पात चालेलच असं नाही. सूचना पूर्ण वाचायला वीस मिनिटं लागतात. ती वाचवली की दोनशे नोंदी परत येतात.

स्वतःच्या गावापुरतं किंवा तालुक्यापुरतं काम करणार असाल तर तक्ता तुम्हालाच आखायचा आहे. किमान इतकं हवं:

- कागदाचा संदर्भ आणि पान क्रमांक
- पानावरची ओळ कितवी
- नाव, कागदावर आहे तसं, रोमन लिपीत
- नावाचं देवनागरी वाचन (वेगळा रकाना)
- हुद्दा, नंबर, पलटण, जोडलेली पलटण
- दिवस, महिना, साल (तीन वेगळे रकाने)
- नातलगाचं नाव आणि नातं
- पत्ता, कागदावर आहे तसा
- पत्त्याचं आजचं ठिकाण (वेगळा रकाना)
- शेरा

यात "आहे तसं" आणि "वाचन" हे दोन रकाने वेगळे ठेवणं हेच सगळ्या कामाचं मर्म. तुमचं ज्ञान वाया घालवा असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःचा रकाना द्या, एवढंच. मूळ नोंदीच्या रकान्यात त्यानं पाय ठेवायचा नाही.

पान क्रमांक आणि ओळ हे रकाने लोक गाळतात. मग शंका आली की तीनशे पानं पुन्हा चाळा.

*सावधान:* एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये टाइप करण्याआधी सगळे रकाने "मजकूर" या प्रकारात बदला. १९२२ च्या फेररचनेनंतर मराठा पलटणी ३/५, १/५ अशा लिहिल्या जातात. म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, पहिली पलटण. तुम्ही ३/५ लिहून एंटर दाबलंत की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि अख्खी पलटण मे महिन्यात किंवा मार्चमध्ये जाऊन बसते. शिवाय १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत, त्यामुळे जुन्या मुंबई फौजेच्या याद्या करणाऱ्यांनी तर तीन रकान्यांचा नियम मोडूच नये.

टप्पा ३: पहिली दहा पानं नुसती वाचा

हात कीबोर्डपासून लांब ठेवा. छापील रजिस्टर असेल तर हा टप्पा पाच मिनिटांत उरकेल. हस्तलिखित असेल तर एक संध्याकाळ द्या.

वाचताना कारकुनाच्या अक्षराचा तक्ता करा. ज्या शब्दांबद्दल शंका नाही ते आधी शोधा: महिन्यांची नावं, हुद्दे, पलटणीचं नाव. "सप्टेंबर"मधला एस कसा काढलाय, "जुलै"मधला जे कसा, "मराठा"मधला दुहेरी टी कसा. ही अक्षरं कापून एका कागदावर चिकटवा किंवा स्क्रीनशॉट घेऊन एका फाइलीत ठेवा. पुढे एखाद्या नावात तेच अक्षर आलं की अंदाज करावा लागत नाही, ताडून पाहता येतं. हमखास फसवणाऱ्या जोड्या म्हणजे मोठा एस आणि एल, मोठा टी आणि एफ, जे आणि आय. लहान अक्षरांत एन आणि यू, ए आणि ओ. आकड्यांत १ आणि ७, ४ आणि ९, ३ आणि ५.

याच वाचनात "डिट्टो" शोधा, म्हणजे वरच्यासारखंच असं सांगणारी खूण. इंग्रजी नोंदवह्यांत ती दोन उभ्या टिंबरेघांनी किंवा "डी-ओ" अशा दोन अक्षरांनी करतात. माझ्याकडे एकदा पूर्ण पान आलं, ज्यात सव्वीस माणसांचं गाव "दो" होतं. कोकणात दो नावाचं गाव असेलही म्हणून त्या बिचाऱ्यानं नकाशात शोधलंसुद्धा होतं. ही खूण दिसली की वरच्या ओळीतला मजकूर पूर्ण उतरवा आणि शेऱ्यात "खुणेवरून" असं लिहा, कारण कारकूनही कधीकधी एक ओळ चुकतो.

टप्पा ४: नाव

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

*स्पेलिंग सुधारायचं नाही.* त्या काळच्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय. पवार हे पी-ओ-डब्ल्यू-ए-आर असं दिसेल, जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी ओ, कधी डब्ल्यू. चव्हाण तर किती रीतीनं लिहिलेलं सापडेल त्याला गणती नाही. मूळ रकान्यात अक्षर न् अक्षर तसंच ठेवा. देवनागरी रकान्यात खुशाल पवार लिहा. शोधणारा माणूस देवनागरीत पवार टाकून शोधेल, अभ्यासकाला मूळ स्पेलिंग लागेल. दोघांचंही भागतं.

*देवनागरी वाचनात एकच पर्याय आहे असं समजू नका.* रोमन लिपीत के-ए-एल-ई म्हणजे काळे की काले? जी-ओ-एल-ई म्हणजे गोळे की गोले? पत्ता सातारा जिल्ह्याचा असेल तर तुमचा कौल काळे-गोळेकडे जाईल, आणि बहुधा बरोबरही असेल. पण "बहुधा" असेल तिथे तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहा. आर-ए-एम-ए हे रामा, राम, रमा काहीही असू शकतं. शिपायाच्या नावात ते रामा. बायकोच्या नावात मात्र रमा.

*मोरे हे आडनाव आहे.* इंग्रजीत "मोअर" हा शब्द दिसल्यावर "आणखी" असा अर्थ लावून ओळ गाळलेली मी पाहिली आहे. संगणकानं स्कॅनवरून आपोआप केलेल्या वाचनात तर असं सर्रास होतं.

*नाईक कोण?* हा सापळा सगळ्यात वाईट. नाईक हा हुद्दा आहे आणि आडनावही. हवालदार, सुभेदार, सरदेसाई ही आडनावंही तुमच्या ओळखीची आहेत. पैकी पहिली दोन हुद्दे आहेत. छापील रजिस्टरात स्वल्पविराम आणि क्रम यांवरून उलगडा होतो: आधी नाव, मग हुद्दा, मग नंबर. हस्तलिखितात "नाईक रामा सावंत" असेल तर हुद्दा; "रामा नाईक, शिपाई" असेल तर आडनाव. दोन्हीकडे नाईक असेल, म्हणजे नाईक हुद्द्याचा रामा नाईक, तर दोन्ही रकान्यांत भरा. एक खोडून टाकू नका.

*आडनाव नसेल तर बनवू नका.* जुन्या याद्यांत "रामा गणू" एवढंच असतं. गणू हे वडिलांचं नाव. ते आडनावाच्या रकान्यात सरकवलंत की त्या घराण्याचं आडनाव तुमच्या तक्त्यात कायमचं गणू होतं. पूर्ण नाव एकत्र लिहा, आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. "राव" हेही आडनाव नव्हे; गणपत राव असं सुटं लिहिलं तरी ते गणपतराव.

मुंबई फौजेच्या १९व्या शतकातल्या याद्या करणाऱ्यांसाठी आणखी एक. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर "नाक"नं संपणारी महार शिपायांची नावं आहेत, रोमन लिपीत एन-ए-सी अशी. महार शिपायांच्या नावामागे तेव्हा नाक लागत असे. तेव्हा कोणत्याही जुन्या यादीत नावाच्या शेवटी ही तीन अक्षरं दिसली तर ती छपाईची चूक समजून "जी" किंवा "क" करू नका. त्या एका प्रत्ययात माणसाची ओळख आहे.

*जात आडनावावरून काढायची नाही.* काही याद्यांत "वर्ग" असा रकाना असतो: दख्खनी मराठा, कोकणी मराठा, दख्खनी मुसलमान, महार. भरतीच त्या हिशेबानं व्हायची. कागदावर आहे तर जसंच्या तसं उतरवा. कागदावर नाही तर तो रकाना रिकामा. यात चर्चा नाही.

*तपासणी:* दर पंचवीस नोंदींनंतर फक्त नावाचा रकाना शेवटून वर वाचा. खालून वर वाचलं की डोळा सवयीनं पुढचं नाव कल्पत नाही.

टप्पा ५: हुद्दा, नंबर, पलटण

हुद्दा आजच्या भाषेत बदलू नका. जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. पण कागदावर जमादार आहे, तर जमादार. घोडदळातला स्वार हा शिपाई नव्हे. आणि लढाऊ नसलेल्यांना वगळू नका: भिस्ती, लांगरी म्हणजे स्वयंपाकी, धोबी, मोची, खेचरांच्या तांड्यावरचे ड्रायव्हर, डोली वाहणारे बेअरर. काही जण "हे काय सैनिक नव्हेत" म्हणून ही पानं सोडून देतात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतं, आणि त्यांची नावं इतर कुठे सापडण्याची शक्यता शिपायांपेक्षाही कमी आहे.

नंबर हा पलटणीपुरता असतो. ११४ व्या पलटणीतला २१४३ आणि ११७ व्या पलटणीतला २१४३ ही दोन माणसं. म्हणून नंबर जुळला एवढ्यावर दोन नोंदी एकत्र करायच्या नाहीत.

पलटणींच्या नावांत गोंधळ होतो म्हणून हा छोटा तक्ता भिंतीवर लावा:

- १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री: १९२२ नंतर १/५
- १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री: २/५
- ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री: ३/५
- ११६ वी मराठाज: ४/५
- ११७ वी मराठाज: ५/५
- ११४ वी मराठाज: १०/५, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण

१९१६ च्या नोंदीत ११० लिहिलंय तर ११०च लिहा. ३/५ करू नका. तेव्हा ती पलटण त्या नावानं अस्तित्वातच नव्हती.

"अटॅच्ड" किंवा त्याचं संक्षिप्त रूप दिसलं की सावध व्हा. "११४ मराठाज, अटॅच्ड ११७" याचा अर्थ माणूस ११४ चा, पण मेला तेव्हा ११७ बरोबर होता. दोन्ही पलटणी दोन रकान्यांत. एकच लिहायची झाली तर लोक दुसरी लिहितात, आणि मग मूळ पलटणीच्या यादीत तो माणूस सापडत नाही.

मराठी माणूस फक्त मराठा पलटणीत होता असंही धरू नका. खडकीच्या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये (लष्करी बांधकामाच्या तुकडीत), मुंबईकडच्या पायोनियर पलटणींत, बेअरर कोअरमध्ये, लेबर कोअरमध्ये तो होता. १९१७ साली उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली. ती शोधायला मराठा पलटणींची पानं चाळून उपयोग नाही. आणि उलटही: सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये पंजाबी होते, गुरखे होते. "पूना" हे तिथे डिव्हिजनचं नाव आहे, माणसाचं गाव नव्हे. ते पत्त्याच्या रकान्यात आलेलं पाहिलं की मी तो तक्ता सरळ परत पाठवतो.

टप्पा ६: तारीख आणि ठिकाण

ब्रिटिश कागदावर आधी दिवस, मग महिना. अमेरिकन प्रकल्पात आधी महिना. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी त्या दिवशी कोणत्या कागदावर बसलोय ते एकदा मोठ्यानं म्हणावं. हसू नका, उपयोग होतो.

मेसोपोटेमियातल्या कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी त्यात अडकल्या होत्या. पुढे कैदेत गेलेल्यांपैकी कोण कोणत्या दिवशी मेला हे पुष्कळदा नीट नोंदलं गेलं नाही. त्यामुळे कागदावर दोन तारखांमधला काळ दिसू शकतो. अशा वेळी दोन्ही तारखा लिहा. मधली काढू नका, पहिली "सोयीची" म्हणून घेऊ नका.

स्मारकाचं ठिकाण म्हणजे मृत्यूचं ठिकाण नव्हे. बसरा स्मारकावर नोंद असलेला माणूस कूतला, सुलेमान पाकला, बगदादच्या वाटेवर किंवा कैदेत कुठेही गेलेला असू शकतो. तसंच खडकीच्या १९१४–१९१८ स्मारकाचं. हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या पण ज्यांच्या कबरींची निगा राखणं आता शक्य नाही अशा १,८०० हून जास्त जणांची ती आठवण आहे. खडकीत नोंद आहे म्हणून माणूस खडकीत मेला असं होत नाही. घरात मात्र "आजोबा बसऱ्याला गेले" एवढंच सांगितलेलं असतं, आणि स्वयंसेवक तेच मृत्यूस्थळ म्हणून भरतो.

टप्पा ७: पत्ता

आता माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या महिन्यात मी अकरा नोंदींमधलं "खेड" हे पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे राजगुरुनगर, असं भरलं. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे शंकाच आली नाही. त्यांतल्या नऊ नोंदींत ओळ तुटून जिल्ह्याचं नाव पुढच्या ओळीवर गेलं होतं. तिथे स्पष्ट "रत्नागिरी" होतं. अकरापैकी नऊ माणसं मी घाट ओलांडून इकडे आणून बसवली होती.

त्यामुळे पत्ता नेहमी उलटा वाचा: शेवटापासून सुरुवातीकडे. आधी प्रांत, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. समजण्यासाठी एक रचलेली नोंद घेऊ: "अमुक कदम याचा मुलगा, राहणार तमुक गाव, खेड, रत्नागिरी, बॉम्बे."

शेवटचं "बॉम्बे" म्हणजे मुंबई शहर नव्हे, मुंबई इलाखा. हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी येतो आणि नवे स्वयंसेवक त्याला शहर समजतात. माझ्याकडे आलेल्या एका तक्त्यानुसार अर्धी ११७ वी पलटण गिरगावात राहत होती.

मग जिल्हा. इथे तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा वेगळा निघतो:

- तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता. मालवण, देवगड, वेंगुर्ला रत्नागिरीत लिहिलेले दिसतील. सिंधुदुर्ग १९८१ चा. सावंतवाडी मात्र वेगळं संस्थान.
- कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. मुंबईतला कुलाबा नव्हे.
- वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली.
- कोल्हापूर, फलटण, औंध, भोर, जत, मिरज ही संस्थानं. त्यांना जिल्हा म्हणून भरू नका.

नावं सारखी असलेली ठिकाणं वहीत लिहून ठेवा. खेड दोन. खानापूर एक साताऱ्यातलं आणि एक बेळगावातलं, आणि मराठा पलटणींत दोन्हीकडचे लोक. कोरेगाव साताऱ्यातलं आणि भीमेकाठचं. जिल्हा लिहिलेला नसेल तर आजच्या ठिकाणाचा रकाना रिकामा सोडा आणि शेऱ्यात दोन्ही शक्यता द्या.

गावाच्या नावामागची बी-के आणि के-एच ही अक्षरं गाळू नका. ती बुद्रुक आणि खुर्द. तर्फ, म्हणजे तालुक्याचा जुना पोटविभाग, दाखवणारा एखादा टी असतो तोही ठेवा. कोकणात एकाच नावाची चार गावं तर्फेनंच वेगळी कळतात.

आणि याच ओळीत नातलग असतो: अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा. बायकोचं नाव लोक भरत नाहीत; रकाना "वडील" असा आखतात आणि पत्नी असेल तिथे रिकामं सोडतात. कित्येक घरांत त्या बाईचं नाव ज्यावर आहे असा हा एकुलता एक जुना कागद असेल. रकान्याचं नाव "नातलग" ठेवा, शेजारी "नातं" ठेवा, आणि भरा.

*तपासणी:* पत्त्याच्या दोन्ही रकान्यांवर गाळणी लावून पाहा. मुंबई, पूना किंवा "दो" किती वेळा आलंय? अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर टप्पा ३ वर परत.

टप्पा ८: वाचता आलं नाही तर

फॅमिलीसर्चच्या पद्धतीत एक अक्षर लागत नसेल तर प्रश्नचिन्ह, एकापेक्षा जास्त लागत नसतील तर तारका. स्वतःच्या तक्त्यातही हेच वापरा, नवा नियम काढू नका. मात्र दोन गोष्टी कटाक्षानं वेगळ्या ठेवा: कागदावर जागा रिकामी आहे, आणि कागदावर काहीतरी आहे पण वाचता येत नाही. पहिलीला "रिक्त", दुसरीला "अवाच्य". दोन्ही ठिकाणी नुसता रिकामा रकाना सोडलात तर पुढच्याला कळतच नाही की पुन्हा बघण्यासारखं काही आहे का.

एका शब्दावर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पुढे जा. त्याच कारकुनाच्या हातचं तेच नाव दहा पानांनंतर स्पष्ट सापडतं.

टप्पा ९: दुसरा डोळा

पडताळणी करणाऱ्यानं पहिल्याचा तक्ता आधी पाहायचा नाही. कोऱ्या तक्त्यात दर दहावी नोंद स्वतः उतरवायची आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. आधी उत्तर दिसलं की डोळा तेच वाचतो. मी स्वतः "कदम" असं लिहिलेलं पाहून "कदम"च वाचलं आहे, जिथे कागदावर "निकम" होतं.

फरक निघाला तर वाद घालू नका. कागदाकडे परत जा, अक्षरतक्ता काढा. तरीही दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही वाचनं ठेवा, मताधिक्यानं ठरवू नका.

*सावधान:* तक्ता अकारविल्हे लावताना एकच रकाना निवडून लावू नका. बाकीचे रकाने जागेवर राहतात, नावं सरकतात, आणि एका क्लिकमध्ये चारशे माणसांची गावं बदलतात. आधी प्रत काढा. रोज. तारखेसह.

टप्पा १०: घराण्याशी जोडणं, आणि दुरुस्ती कळवणं

हे सगळ्यात शेवटी. इंडेक्सिंग करता करता "अरे, हे तर आमच्या भावकीतले" असं झालं की हात थरथरतो आणि पुढची पन्नास नावं त्याच नजरेनं वाचली जातात. शेऱ्यात खूण करा आणि पुढे चला.

जोडताना नाव आणि गाव एवढ्यावर जोडू नका. एका गावात एका वेळी तीन रामा कदम असणं अजिबात नवल नाही. वडिलांचं किंवा बायकोचं नाव जुळलं पाहिजे, किंवा घरात पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर आणि पलटण जुळली पाहिजे. पदक नुसतं समोरून पाहू नका. नाव कडेवर असतं, भिंग लागतं, आणि ब्रासो लावून चकचकीत करायचा मोह आवरा. घासून घासून गेलेला नंबर परत येत नाही.

इथे गावची पाटी उपयोगी पडते. पाटीवर गेलेल्यांचा आकडा सात, आणि तुमच्या तक्त्यात त्या गावचे अकरा? मग बहुधा शेजारच्या खुर्दचे चार जण बुद्रुकमध्ये आलेत. तक्त्यात तीनच? मग काही जण दुसऱ्या स्पेलिंगखाली किंवा मराठा नसलेल्या पलटणीत आहेत. पाटीही चुकू शकते, पण ती तुम्हाला कुठे पाहायचं ते सांगते.

कमिशनच्या नोंदीतच चूक आढळली, गाव किंवा वडिलांचं नाव, तर ती कळवता येते. पण घरच्या आठवणीवर ती बदलत नाहीत, त्या काळचा कागद लागतो. पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र, पदकाच्या कडेचा फोटो. कळवताना नोंदीचा संदर्भ, पान, ओळ, कागदावर काय आहे आणि काय असायला हवं हे चार ओळींत लिहा, पुरावा जोडा. भावनिक पत्र लिहू नका. आणि उत्तर येईपर्यंत तुमच्या तक्त्यातला "आहे तसं"चा रकाना बदलू नका. दुरुस्ती शेऱ्यात, तारखेसह.